आजीचा रविवार

रविवारी पहाटे साडेपाचला कोण उठतं? मॅरेथॉनची प्रॅक्टिस करणारे, सकाळची फ्लाइट पकडणारे आणि शनिवारच्या पार्टीहून अजून घरीच न पोचलेले! बाकी आपण सगळे अकरापर्यंत पांघरुणात. आठवडाभर बॉस, डेडलाइन आणि लोकलची गर्दी सोसल्यावर एवढा हक्क बनतो, यार.

पण माझ्या ओळखीत एक बाई होती, जिचा रविवार पहाटे साडेपाचलाच सुरू व्हायचा. एखाद-दोन वर्षं नाही, अख्खं आयुष्य. मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. जन्म १९३१ चा. पहिली कम्युनियन घेतली त्या वयापासून मोजलं, आजारपणं आणि बाळंतपणं वजा केली, तरी आकडा चार हजारांच्या वर गेला. चार हजार रविवार आणि चार हजार वेळा साडेसहाचा मिस्सा! आपलं जिमचं मेंबरशिप कार्ड काढून बघा जरा.

ही माझ्या मास कॉमच्या मैत्रिणीची आजी. राहायची वसईत, स्टेशनपासून रिक्षाने पंचवीस मिनिटांवरच्या एका गावात. दोन्ही बाजूंनी केळीच्या आणि नारळाच्या वाड्या, मध्ये अरुंद रस्ता, वळणावर पांढरा क्रूस आणि त्याच्यापुढे कुणीतरी ठेवलेली मोगऱ्याची ओंजळ. विरार फास्टमध्ये घुसमटून तिथे उतरलात, तर आपण चुकून दुसऱ्याच जिल्ह्यात आलो की काय असं वाटेल. (जिल्हा खरंच दुसरा आहे. २०१४ पासून पालघर!)

वसई म्हटलं की आपल्याला किल्ला आणि चिमाजी आप्पा आठवतात. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात १७३९ ला वसई जिंकली आणि धडा संपला. पण त्याआधी दोनशे वर्षं पोर्तुगीज तिथे होते, आणि ते गेल्यावरही चर्च राहिलं, चर्चला जाणारी माणसं राहिली. ही माणसं पक्की इथलीच. घरात सामवेदी बोलणारी, वाडीत राबणारी, लाल लुगडं नेसणारी. आजीला कुणी विचारलं, ‘तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ तर ती समोरच्याकडे अशी बघायची, की विचारणारा प्रश्न गिळून टाकायचा. शहरातल्या बऱ्याच जणांनी तो विचारला होता म्हणे.

शहर तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. लग्न होऊन आली आणि वर्षाभरात भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पहिल्या लोकलने पार्ल्याला जायला लागली. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ मध्येच आली होती. वसईच्या बायका त्याच गाड्यांनी वांगी, गवार, विड्याची पानं, केळी, फुलं घेऊन मुंबईत यायच्या आणि बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या दारात जायच्या. आज आपण ‘फार्म टू टेबल’ म्हणतो आणि दुप्पट पैसे मोजतो, ते हेच! फक्त तेव्हा त्याला ब्रँड नव्हता, एक आजी होती. तेव्हा अर्थात ती आजी नव्हती. विशीतली, सडसडीत, फलाटावर पाटी घेऊन धावणारी मुलगी होती.

सोमवार ते शनिवार पाटी. रविवारी सुट्टी. आणि सुट्टी म्हणजे चर्च.

आता यात भक्ती होतीच, ती मी नाकारत नाही. पण थोडा विचार करा. वयाच्या विसाव्या वर्षापासून जी बाई दुसऱ्यांच्या दारात उभी राहते, मागच्या दाराने आत जाते, भावासाठी घासाघीस ऐकते, तिला आठवड्यातून एकदा एका उंच, थंड, स्वच्छ इमारतीत पुढच्या दाराने जायला मिळतं. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोनं. तिथे तिला कुणी ‘ए भाजीवाली’ म्हणत नाही. तिच्या नावाने हाक मारतात. मैत्रिणी भेटतात, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या विहिरीचं पाणी आटलं, सगळं कळतं. आपण ज्याला नेटवर्किंग म्हणतो ना, ते तिचं मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात व्हायचं. व्हिजिटिंग कार्डाशिवाय!

गंमत म्हणजे, पहिली तीसेक वर्षं तिथे चाललेलं तिला अक्षरही कळत नव्हतं. सगळं लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून उभे, लोकांकडे पाठ. आजी बाकीच्यांबरोबर ठरलेल्या जागी ठरलेली उत्तरं द्यायची. मग १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत मिस्सा करायची मोकळीक मिळाली. फादर लोकांकडे वळले आणि मराठीत बोलू लागले. मी आजींना विचारलं, ‘तेव्हा कसं वाटलं?’ मला एखादा भारावलेला कोट हवा होता, कॉलमसाठी! आजी म्हणाल्या, ‘काय वाटणार? पहिल्यांदा कळलं, की आपण इतकी वर्षं कशाला आमेन म्हणत होतो. बरं झालं, चांगल्यालाच म्हणत होतो.’

पोप सहावे पॉल मुंबईत आले ते डिसेंबर १९६४ मध्ये. ओव्हल मैदानावर युखरिस्तिक काँग्रेस होती. वसईहून माणसं गाड्या भरभरून गेली. आजीही गेली, पण आपल्या पद्धतीने. सकाळची भाजी पार्ल्यात विकली, रिकामी पाटी एका गुजराती गिऱ्हाइकाच्या गॅलरीत ठेवली, लुगडं झटकलं आणि चर्चगेटची गाडी पकडली. पोप तिला दिसले ते टोपीच्या टोकाएवढे. पण परत येताना पाटी घ्यायला गेली, तर त्या गुजराती बाईंनी तिला चहा दिला आणि विचारलं, ‘तुमच्या महाराजांनी काय सांगितलं?’ आजीने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नव्हतं. चहा मात्र आठवत होता. चौदा वर्षांत त्या घरातला पहिला चहा.

१९७५ मध्ये नवरा गेला. आजी चव्वेचाळीस वर्षांची. चार मुलगे, दोन मुली. धाकटा दहाचा. जमीन होती, पण वाडीला मजूर लागतात आणि मजुरांना पैसे. वसईत कॅथलिकांची सहकारी बँक १९१८ पासून आहे, तिथून कर्ज काढलं. फेडलं. पाटी चालूच. मैत्रीण सांगते, आजी त्या काळात चर्चमध्ये बसून रडायची नाही, भांडायची. गुडघ्यांवर बसून, ओठ हलवत, क्रूसाकडे बघून. एकदा धाकट्याने विचारलं, ‘आई, एवढा वेळ काय बोलतेस?’ तर म्हणाली, ‘हिशेब विचारते.’

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याला भाविक म्हातारी म्हटलं की हात जोडलेली, मान खाली घातलेली, सगळं सोसणारी बाई दिसते. सिरियलमधली! ही बाई देवाकडे दर आठवड्याला ठरल्या वेळी जायची आणि त्याला उत्तरं मागायची. मिळायची का, माहीत नाही. पण जाणं थांबवलं नाही. नात्यात भांडण झालं तरी घर सोडायचं नसतं, एवढं साधं होतं ते तिच्यासाठी.

आणि इथून आजीच्या रविवारचा दुसरा भाग सुरू होतो. मिस्सा साडेसहाचा, पण जेवण एकचं.

नियम एकच. रविवारी दुपारी सगळ्यांनी आजीकडे जेवायचं. चर्चला गेलात की नाही, हे ती विचारायची नाही. तिचं जाणं तिच्यापाशी. ताट मात्र सगळ्यांचं. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा, केळफुलाची भाजी, शेवटी राजेळी केळं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मेनू बदलायचा, नियम नाही.

हा नियम पहिल्यांदा पणाला लागला १९९४ मध्ये, धाकट्याने ऑफिसमधल्या हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा. घरात वादळ. थोरला म्हणाला, तो घरात पाय ठेवणार असेल तर मी येणार नाही. नातेवाईक येऊन सल्ले देऊन गेले. आजीने कुणालाच काही उत्तर दिलं नाही. रविवारी नेहमीसारखी साडेसहाच्या मिस्साला गेली, परत आली, भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं आणि थोरल्याला म्हणाली, ‘एक पाट जास्त मांड. ती तुझ्या शेजारी बसेल.’ बास. भाषण नाही, रडारड नाही. त्या पाटावर बसलेली काकू आज त्या घरातली सगळ्यात चांगली भाकरी थापते आणि नाताळाच्या गोठ्यासाठी गवत पेरायची आठवणही तिलाच असते. चर्चला ती जात नाही. तिला कुणी विचारलंही नाही.

मी या घरात पहिल्यांदा गेले २०१८ मध्ये. आठवतंय का, त्या वर्षी व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार एकाच दिवशी आले होते? माझी मैत्रीण तेव्हा प्रेमात होती. वांद्र्यात टेबल बुक झालेलं. सकाळी आजीचा फोन, ‘आज उपास आहे, लक्षात आहे ना?’ बाईसाहेबांनी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन, समोर फक्त सूप ठेवून डेट पार पाडली! तो मुलगा पुढे टिकला नाही. मैत्रीण म्हणते, क्रूस बघून त्याचा चेहरा जसा झाला, तेव्हाच कळलं होतं. पुढच्या रविवारी ती मला जेवायला घेऊन गेली. आजींनी मला नाव विचारलं, आडनाव नाही. आईवडील काय करतात, आजी आहे का, कुठे असते, तिचे गुडघे दुखतात का, हे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, ‘जेव.’

मग २०२० आलं. मार्चमध्ये चर्चला कुलूप. आजी एकोणनव्वद वर्षांची. चार हजार रविवारांत असं कधी झालं नव्हतं. ना साथीत, ना पुरात. नातवाने मोबाइलवर मिस्सा लावून दिला. आजीने आधी फोनकडे बघितलं, मग स्वतःकडे, आणि म्हणाली, ‘थांबव.’ आत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून आली, केस बांधले, खुर्चीवर ताठ बसली. ‘आता लाव.’ आपण वर्क फ्रॉम होममध्ये वर शर्ट आणि खाली पायजमा घालून मीटिंगा केल्या, लक्षात आहे ना? आजी पूर्ण तयार होती. समोर पाच इंचांची स्क्रीन आणि ठरलेल्या जागी गुडघ्यांवर येण्याचा प्रयत्न.

त्याच काळात घरात दुसरी फट पडली. वाडीची. वसई-विरारची महापालिका २००९ मध्ये झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून बिल्डर या गावांच्या वेशीवर उभे होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ‘हरित वसई’ची चळवळ झाली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, आजी पाटी घरी ठेवून त्या मोर्च्यात गेली होती. (हेच फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आजीने भिंग लावून पेपरातला फोटो बघितला आणि ‘बारीक झालेत’ एवढंच म्हणाली. २०२४ मध्ये तेही गेले.) आता प्रश्न घरातूनच आला. थोरल्याला वाडी विकायची होती. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, मजूर मिळत नाहीत, मुलं परदेशात. दुसऱ्याला विकायची नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून भांडण जास्त वाईट. २०२१ पासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

पण रविवारी एक वाजता दोघंही यायचे. ताटाच्या दोन टोकांना बसायचे. आजी रश्शाचं भांडं मुद्दाम थोरल्यासमोर ठेवायची आणि भाकरीची टोपली दुसऱ्यासमोर. म्हणजे ‘जरा इकडे दे’ एवढं तरी म्हणावंच लागायचं. तीन वर्षं या दोन भावांमध्ये झालेला संवाद एवढाच. भाकरी आणि रस्सा! हसू येतं ना? मलाही यायचं. पण कोर्टात गेले नाहीत ते दोघं. आई ताटावर आहे तोवर वकिलाकडे जायची दोघांचीही हिंमत नव्हती.

आजी जानेवारी २०२४ मध्ये गेली. ब्याण्णव वर्षांची, घरात, झोपेत. आदल्या शुक्रवारी फादर घरी येऊन कम्युनियन देऊन गेले होते. महिन्याच्या मिस्साला मी गेले. चर्च भरलेलं. पार्ल्याहून दोन गिऱ्हाइकांच्या सुना आल्या होत्या. सासवांनी सांगून ठेवलं होतं म्हणे.

त्या दिवशी मैत्रिणीने मला मागच्या खोलीत नेलं आणि फोनवर एक रेकॉर्डिंग लावलं. २०२२ चं. आजी रोज संध्याकाळी रोझरी म्हणायची. पन्नासच्या वर ‘नमो मारिया’, आणि ते झाले की नावं. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, एकामागून एक, श्वास न घेता. मैत्रिणीने ते गुपचूप टेप केलं होतं. अकरा मिनिटं. आम्ही मोजली, त्र्याहत्तर नावं. मुलं, सुना, नातवंडं, पणतवंडं हे आलंच. लहानपणी गेलेला भाऊ. पार्ल्याची ती गुजराती बाई, जी कधीच वारली असणार. स्टेशनवर पाटी उतरवून द्यायचा तो हमाल. मटणवाला चाचा. कर्जाच्या कागदांवर सही घेणारा बँकेतला क्लार्क. थोरला आणि दुसरा यांची नावं एका श्वासात, जोडून, जणू एकच नाव असावं. आणि शेवटून चौथं नाव माझं होतं. तिच्या उच्चारात, शेवटचं अक्षर जरा लांबवून. पाठोपाठ, ‘हिची आजी, गुडघे.’

मी धार्मिक बिर्मिक नाही. पण चार वर्षांपूर्वी एकदा जेवून गेलेल्या मुलीच्या आजीचे गुडघे रोज संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात होते, हे कळल्यावर काय करायचं असतं, ते मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

आपल्या फोनमध्ये आठशे कॉन्टॅक्ट असतात. बर्थडेला रिमाइंडर येतं, आपण केकची इमोजी टाकतो, झालं. आजीकडे रिमाइंडर नव्हतं, म्हणून तिला रोज सगळी यादी म्हणावी लागायची. अशी यादी म्हणायला रोज अकरा मिनिटं आणि एक ठरलेली वेळ लागते. ती वेळ तिला चर्चने दिली, आणि तिने त्यात माणसं भरली. तिची भक्ती म्हणजे मला तरी एवढंच समजलंय. घरातली अशी बाई जाते, तेव्हा ती यादीच जाते. कोण कुणाचं, कुणाला काय दुखतं, कुणाशी बोलणं तुटलंय आणि कुणासमोर कुठलं भांडं ठेवायचं, हे सगळं.

मग पुढे काय झालं, असं विचाराल. ‘सगळे एकत्र आले आणि सुखाने नांदू लागले’ असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. महिन्याच्या मिस्सानंतरच्या पहिल्या रविवारी थोरले काका आले नाहीत. दुसऱ्याही नाही. वाडीचा प्रश्न तसाच आहे, आता तर कागदांवर सगळ्या भावंडांची नावं चढणार. मैत्रीण आठवडाभर अंधेरीत ऑफिस करते, मोठ्या टीमला सांभाळते. तिने शनिवारी रात्री सगळ्यांना फोन करायला सुरुवात केली. ग्रुपवर मेसेज नाही, फोन. ‘उद्या येताय ना?’ एवढंच. काकू भाकऱ्या थापते. आता महिन्यातून दोन रविवार पंगत बसते. थोरले काका तिसऱ्या महिन्यात एकदा आले, रस्सा वाढून घेतला, भाकरीची टोपली मागितली, दुसऱ्या काकांनी दिली. पुढच्या वेळी आले नाहीत. त्यानंतर पुन्हा आले. असं चाललंय.

मैत्रीण चर्चला दर रविवारी जात नाही. जमेल तेव्हा जाते, तेही साडेनऊच्या मिस्साला! पण रोज लोकलमध्ये ती अकरा मिनिटं ऐकते. बोरिवली ते अंधेरी तेवढीच लागतात, असं तिचं म्हणणं. (फास्ट मिळाली तर!) यादीत तिने स्वतःची तीन नावं घातली आहेत. कुणाची ते सांगत नाही.

आता तुमच्यासाठी वीकेंडचं काम. मॉल नको, ब्रंच नको. तुमच्या घरात अशी कुणी असेल, आजी, मोठी आई, आत्या, चर्चला जाणारी, देवळात जाणारी किंवा नुसती पाच वाजता गॅलरीत बसणारी, तर तिच्याशेजारी जाऊन बसा. ‘तू रोज कुणाकुणाची आठवण काढतेस?’ एवढंच विचारा. आणि फोन हातात आहेच, तर रेकॉर्डचं बटण दाबा. तिला सांगून दाबा. नाहीतर ती हिशेब विचारेल!